टी-टाइम आणि मोकळा रस्ता

गोल्फची सुट्टी आणि गाडीनं भटकणं एका प्रवासात बसत नाही, असं त्याचं म्हणणं. तिच्या मते समुद्रकाठच्या गोल्फइतकं भटकायला चांगलं कारण दुसरं नाही. दोघं नवरा-बायको, पुण्याची. ती गोल्फ खेळते. तो खेळत नाही, पण दिवसभर स्टिअरिंगवर बसायची त्याची तयारी असते. वाद स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याचा आहे. एडिंबराला उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची, आधी नॉर्थ बेरिक, मग फोर्थची खाडी ओलांडून फाइफ, सेंट अँड्र्यूज आणि जमलं तर उत्तरेला डॉर्नोखपर्यंत. तिथं गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, पाहुण्याला भारतीय लायसन्सही चालतं. अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी: ही सुट्टी दोघांची होईल का?

तो वेळेपासून सुरुवात करतो. "टी-टाइम म्हणजे आगगाडीचं तिकीट. सकाळी ७.४० म्हणजे ७.४०, तिथं 'येतोच पाच मिनिटांत' चालत नाही. आणि गाडीनं फिरण्यातली मजा कशात असते? आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळ्याला जाताना चढावर गाडी बाजूला घेऊन आपण समुद्र बघत बसतो, तेव्हा पुढं कुणी आपली वाट बघत नसतं म्हणूनच बसतो. फाइफच्या किनाऱ्यावरचा ए-९१७ हा रस्ता घे. ईली, सेंट मोनन्स, पिटनवीम, अँस्ट्रदर, क्रेल, सगळी कोळ्यांची जुनी गावं. प्रत्येकाला छोटं बंदर, दगडी धक्का, लाल कौलांची घरं. क्रेलच्या बंदरावर ताजे खेकडे आणि शेवंडं मिळतात. अशा रस्त्यावर कुठं थांबायचं आणि किती वेळ, हे गोल्फ कोर्सच्या ऑफिसनं ठरवायचं? शिवाय एक राउंड साधारण चार तासांचा. त्याआधी सराव, नंतर क्लबहाउसमधलं सूप. अर्धा दिवस तुझा, आणि मी पार्किंगमध्ये."

ती या गावांची नावं ऐकून थांबत नाही, तीच नावं उलटून त्याच्यासमोर ठेवते. "तू सांगितलेलं प्रत्येक गाव गोल्फचंही गाव आहे. क्रेलची गोल्फ सोसायटी १७८६ची, जगातल्या सर्वांत जुन्यांपैकी. ईलीत पहिल्या टीसमोर, म्हणजे पहिला चेंडू मारायच्या जागेसमोर, टेकाड आहे, त्यामुळे पुढचे खेळाडू दिसत नाहीत. मग त्यांनी काय केलं? स्टार्टरच्या खोपीत पाणबुडीचा पेरिस्कोप बसवला, एचएमएस एक्सकॅलिबर या पाणबुडीचा. छपरातून वर गेलेल्या त्या नळीतून टेकाडापलीकडं बघायचं, पुढची मंडळी लांब गेली की स्टार्टर तुम्हाला सोडतो. हे बघायला तू गाडी थांबवणार नाहीस? मला टी-टाइम हवा तो यासाठीच. नुसतं गाडीतून गेलं तर गाव मागं पडतं. चार तास एका गावाच्या वाळूवर चाललं की वारा कुठून येतो, पाऊस कुठल्या टेकडीवरून उतरतो, म्हातारे कुठल्या बाकावर बसतात, सगळं कळतं."

"तुला कळतं," तो म्हणतो.

या दोन शब्दांतली तक्रार खरी आहे. गोल्फच्या सुट्टीच्या जाहिरातीत नेहमी दोघंही खेळत असतात. प्रत्यक्षात अनेक जोडप्यांत एकच जण खेळतो, आणि दुसऱ्यासाठी स्पा, खरेदी नाहीतर 'आराम' ठेवलेला असतो. न खेळणाऱ्याला जागा देण्याचा हा प्रकार म्हणजे त्याला वेगळ्या खोलीत बसवणं. तिला हे मान्य आहे, म्हणून ती जाहिरातींचा बचाव करत नाही. ती जमिनीकडं वळते.

"रिसॉर्टचं मी बोलतच नाहीये. मी बोलतेय लिंक्सबद्दल. शेती आणि समुद्र यांच्यामधला हा वाळूचा पट्टा. पीक येत नाही, झाड धरत नाही, उगवतं ते बारीक चिवट गवत. सशांनी बिळं केली, मेंढ्यांनी गवत आखूड ठेवलं, वाऱ्यानं उंचवटे घडवले. खेळासाठी कुणी बुलडोझर लावला नव्हता. नांगराला निरुपयोगी म्हणून ती जमीन गावाची राहिली. लोक तिथं गुरं चारायचे, कपडे वाळवायचे, तिरंदाजी करायचे, गोल्फ खेळायचे. १४५७मध्ये दुसऱ्या जेम्स राजानं गोल्फवर आणि फुटबॉलवर बंदी घातली, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून खेळत होते. १५५२मध्ये आर्चबिशप हॅमिल्टननं सेंट अँड्र्यूजच्या लिंक्सवर ससे पाळायचा हक्क घेतला, तेव्हा त्याच दस्तऐवजात गावकऱ्यांचा तिथं खेळायचा हक्कही नोंदवला गेला. म्हणजे खेळणारे हे त्या जमिनीच्या अनेक वाटेकऱ्यांपैकी एक. आजही तसंच आहे. स्कॉटलंडच्या २००३च्या जमीन सुधारणा कायद्यानं लोकांना बहुतेक सगळीकडं फिरायचा हक्क दिला, आणि गोल्फ कोर्स ओलांडून जायचा हक्कही त्यात आहे. ग्रीनवर पाय द्यायचा नाही, खेळात अडथळा आणायचा नाही, एवढंच. कुत्र्याला घेऊन निघालेला माणूस आणि शेकडो पौंड मोजून आलेला अमेरिकन पाहुणा एकाच वाळूवर असतात. तू पार्किंगमध्ये बसणार असशील तर ती तुझी निवड."

त्याला हा कायदा आवडतो, आणि लगेच तो त्यातली फट शोधतो. "ओलांडायचा हक्क. रेंगाळायचा नाही. गोल्फ कोर्सवर मी एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडू शकतो, पण तिथं बसून डबा खाऊ शकत नाही. पाहुण्यालाही घरातून असंच जाता येतं. आणि तू सांगतेस तो साधा, गावचा गोल्फ आता त्या किनाऱ्यावर कितीसा उरलाय? सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर उन्हाळ्यात एका माणसाची एका राउंडची फी ३०० पौंडांच्या वर गेली आहे. तेवढ्यात आपलं दोन-तीन रात्रींचं राहणं निघेल."

पैशांवर ती फार रेंगाळत नाही. सेंट अँड्र्यूजला एकूण सात सार्वजनिक कोर्स आहेत, त्यातला बालगोव्ह नऊ होलचा, नवशिक्यांसाठी आणि मुलांसाठी ठेवलेला आहे. पैसे मोजायचेच असतील तर कुठं मोजायचे हे आपल्या हातात आहे, असं ती म्हणते. तिचा भर दुसऱ्या दोन गोष्टींवर आहे.

पहिली गोष्ट हिमालयाची. ओल्ड कोर्सला लागूनच, पहिल्या फेअरवेच्या पलीकडं, उंचसखल हिरवळीचा एक तुकडा आहे, इतका चढउतारांचा की लोक त्याला 'हिमालयाज' म्हणतात. "तो महिलांच्या पटिंग क्लबचा. १८६७मध्ये स्थापन झालेला. काही पौंडांत पटर आणि चेंडू देतात, हँडिकॅप कुणी विचारत नाही. तिथं पाच वर्षांचं पोर आणि त्याची आजी एकमेकांना हरवत असतात. तू तिथं माझ्याबरोबर खेळू शकतोस, आणि चेंडू उतारावरून भलतीकडं गेला तर माझाही जाईल. दुसरी गोष्ट रविवारची. ओल्ड कोर्स रविवारी बंद असतो. ओपनसारखी मोठी स्पर्धा असली तरच अपवाद. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध कोर्सवर आठवड्यातून एक दिवस कुणी खेळत नाही, आणि सगळं गाव त्यावर फिरायला येतं. बाबागाड्या, कुत्री, सायकल हातात धरून चालणारी कॉलेजची पोरं. स्विल्कन बर्न या ओढ्यावर सशाच्या पाठीसारखा वाकलेला छोटा दगडी पूल आहे. गोल्फपटू जॅक निकलॉसनं २००५मध्ये त्यावर उभं राहून निरोप घेतला होता. त्या पुलावर रविवारी कुणीही उभं राहतं. सतराव्या होलचा रोड बंकर टीव्हीवर खड्ड्यासारखा दिसतो. कडेला उभं राहिलं की त्याची भिंत किती सरळ उभी आहे ते कळतं, हिरवळीच्या विटा रचल्यासारखे तिचे थर दिसतात. हे तुला बघता येतं, फुकट, आणि कुणी हटकत नाही."

तो बराच वेळ देऊन उत्तर देतो, आणि ते या वादातलं त्याचं सगळ्यात धारदार उत्तर आहे. "माझ्यासाठी तू काय निवडलंस बघ. गोल्फ कोर्सवर गोल्फ बंद असतो तो दिवस. आणि दुसरं, बायकांचं पटिंग ग्रीन. ते ग्रीन का झालं? त्या काळी बाईनं क्लब खांद्याच्या वर उचलणं सभ्य मानलं जात नव्हतं म्हणून. त्यांना मोठा कोर्स दिला नाही, कोपरा दिला. आज तू मला तोच कोपरा देते आहेस. आणि ज्या खेळासाठी तू इतकी बोलते आहेस, तो तुझ्याशी कसा वागला? सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबनं बायकांना सदस्य करून घ्यायचा ठराव केला सप्टेंबर २०१४मध्ये. एकोणिसाव्या शतकात नव्हे, २०१४मध्ये. नॉर्थ बेरिकला जाताना वाटेत गलन लागतं, तिथं म्युअरफील्ड हा गोल्फ क्लब आहे. २०१६मध्ये त्या क्लबात बायकांना घ्यायचं का, यावर मतदान झालं. दोन तृतीयांश मतं लागत होती, ती मिळाली नाहीत. ज्या किनाऱ्याला तू सगळ्यांचा म्हणतेस, त्यावर असे दरवाजेही आहेत."

ती चिडत नाही. तिला हा इतिहास त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे. "पुढचंही सांग. त्याच आठवड्यात म्युअरफील्डला ओपनच्या यादीतून काढलं गेलं. मार्च २०१७मध्ये पुन्हा मतदान झालं आणि दार उघडलं. २०२२मध्ये महिलांची ओपन तिथंच झाली. शेवटचा प्लेऑफ चार होल चालला, अंधार पडत आलेला, आणि दक्षिण आफ्रिकेची अ‍ॅशली बुहाई जिंकली. तो सामना मी बघितला तेव्हा मला वाटलं, ही जमीन आता थोडी माझीही आहे. तुला तो इतिहास म्हणजे तिथं न जाण्याचं कारण वाटतं. मला तो जाण्याचं कारण वाटतो. कोपऱ्याचं म्हणशील, तर १८६७च्या बायकांनी तो कोपरा सोडला नाही. दीडशेहून जास्त वर्षं चालवला आणि सगळ्यांना उघडला. मोठ्या क्लबांना हे जमायला किती वेळ लागला ते तूच सांगितलंस."

इथून वाद दोघांच्या सुट्टीपलीकडं जातो, आणि ते बरंच आहे. कारण किनाऱ्यावर कोण येतं या प्रश्नाखाली किनाऱ्याचं काय होतं हा प्रश्न आहेच.

तो अ‍ॅबर्डीनच्या उत्तरेकडं बोट दाखवतो. "बाल्मेडीजवळ मेनी इस्टेटवर डोनाल्ड ट्रम्पच्या कंपनीला कोर्स बांधायची परवानगी २००८मध्ये मिळाली, २०१२मध्ये कोर्स उघडला. तिथल्या वाळूच्या टेकड्या स्कॉटलंडमधल्या सगळ्यात चांगल्या, हलत्या टेकड्यांपैकी होत्या, शास्त्रीय महत्त्वाची जागा म्हणून संरक्षित. वारा त्यांना दरवर्षी थोडं पुढं ढकलायचा. खेळाच्या मैदानाला हलणारी टेकडी कशी चालेल? गवत लावून ती धरून ठेवली. २०२०मध्ये निसर्गखात्यानं कोर्सच्या भागाचा संरक्षित दर्जा काढून टाकला, कारण ज्यासाठी दर्जा दिला होता ते तिथं उरलंच नव्हतं. गोव्यात तेरेखोलच्या पठारावर गोल्फ रिसॉर्ट येणार म्हणताच तिथल्या कुळांनी लढा उभारला, तो उगाच नाही. आपण सुट्टीवर जाऊन फी भरतो, तेव्हा अशा कोर्सांची मागणीही वाढवतो."

"मेनीबद्दल मी भांडणार नाही," ती म्हणते. "तिथं मी जाणारही नाही. पण सगळे कोर्स तसे नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर मॅक्रिहॅनिश ड्यून्स २००९मध्ये झाला, तोही संरक्षित टेकड्यांवर, आणि तिथं फक्त टी आणि ग्रीन घडवायची परवानगी होती, फेअरवे सापडले तसे वापरले. आणि गोल्फनं जमीन फक्त खाल्ली असं म्हणणं सेंट अँड्र्यूजला अजिबात लागू नाही. १७९७मध्ये नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिनं लिंक्स सशांच्या व्यापाऱ्यांना देऊन टाकली. कातड्यासाठी आणि मांसासाठी हजारो ससे. सगळ्या मैदानाची चाळण झाली. गोल्फवाले वीसेक वर्षं कोर्टात लढले. शेवटी १८२१मध्ये शेजारच्या स्ट्रॅथटायरम इस्टेटच्या जेम्स चीपनं ती जमीन विकत घेतली, ती खेळासाठी राखावी म्हणून. खेळणारे नसते तर आज तू ज्या वेस्ट सँड्स किनाऱ्यावर चालायला जाणार, त्याच्या मागं काय असतं? बंगल्यांची रांग."

तो म्हणतो, "म्हणजे गावाची जमीन एका जमीनदारानं वाचवली आणि स्वतःच्या नावावर केली. गावाला ती परत मिळाली १८९४मध्ये. मधली सत्तरेक वर्षं सगळ्यांची जमीन एका घराण्याच्या मर्जीवर होती. चीप भला माणूस निघाला, हे नशीब. तुझ्या गोष्टीत मला गोल्फचं श्रेय थोडंच दिसतं. मोठं श्रेय नगरपालिकेनं ती परत घेतली त्याचं, आणि १९७४च्या कायद्यानं ती ट्रस्टकडं देऊन सार्वजनिक ठेवली त्याचं."

ती हे मानते, पण अर्धंच. तिच्या मते गावानं परत घेतलं, कारण गावाला खेळायचं होतं. नुसत्या फिरणाऱ्यांसाठी कुठली नगरपालिका असा खटाटोप करते? आजही गावचे रहिवासी वर्षाचं सवलतीचं तिकीट काढून त्याच कोर्सवर खेळतात, आणि त्यांचं स्वस्त तिकीट पाहुण्यांच्या महाग फीमुळं परवडतं.

"आणि तरी समुद्र येतोच आहे," तो म्हणतो. "माँट्रोजला १५६२पासून गोल्फची नोंद आहे. २०१८च्या एका अहवालात होतं की तीस वर्षांत समुद्र तिथं जवळपास ७० मीटर आत आला. टी मागं सरकवाव्या लागल्या. ज्या वाळूला गोल्फनं जागेवर बसवलं, ती पुन्हा चालायला लागली आहे. मला वाटतं, आपण तिथं खेळायला नाही, बघायला जावं."

"बघायला कोण जातं? खेळणाऱ्यांनीच किनाऱ्याची रेघ पावलांनी मोजली आहे. मागच्या वर्षी टी कुठं होती ते त्यांना पाठ असतं. गाडीतून बघणाऱ्याला समुद्र नेहमी होता तिथंच दिसतो."

यावर त्याच्याकडं उत्तर नाही, आणि तो ते लपवतही नाही. फिरस्त्याचं पाहणं उदार असतं, पण त्याला तुलना करायला मागचं वर्ष नसतं. गावच्या खेळणाऱ्याचं पाहणं संकुचित, पण रोजचं. पुण्याहून आलेली ती मात्र यांपैकी कशातच पूर्ण बसत नाही, हे तो पुढच्या वाक्यात सांगतोच. ती तिथं खेळेल एकदा, आणि तिलाही मागची टी कुठं होती ते ठाऊक नसेल.

मग दोघं बेत आखायला लागतात. नॉर्थ बेरिकवर एकमत लवकर होतं. तिथं वेस्ट लिंक्सवर चक्क जुन्या दगडी कुंपणावरून चेंडू मारावा लागतो, आणि समुद्रात समोर बास रॉक आहे, गॅनेट पक्ष्यांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक. २०२२च्या बर्ड फ्लूनं तिथले पक्षी खूप मेले, तरी उन्हाळ्यात खडक पांढरा दिसतो. ती खेळेल, तो बोटीनं खडकाला फेरी मारेल. एडिंबराहून नॉर्थ बेरिकला रेल्वे १८५०पासून आहे, तेव्हा गाडी दुसऱ्या दिवशी घ्यावी, ही सूचना तिची. रस्त्याच्या माणसानं ती मानली, हे विशेष. फाइफमध्ये दुपारी रस्ता त्याचा, सकाळी ईलीचा पेरिस्कोप दोघांचा. रविवार ओल्ड कोर्सवर पायी.

गाडी अडते ती त्यानंतर. ओल्ड कोर्सवर खेळायला मिळावं म्हणून रोज सोडत निघते, आणि तिच्यात किमान दोन खेळाडूंची नावं लागतात. एकटा खेळाडू असेल तर वेगळी सोडत, आणि तिच्यासाठी आदल्या दिवशी स्वतः जाऊन नाव नोंदवायचं. म्हणजे सोमवारी नाव द्यायचं, मंगळवारी खेळायचं, तेही नंबर लागला तर. त्याला सोमवारी सकाळीच डॉर्नोखला निघायचं आहे. जूनमध्ये तिथं रात्री दहानंतरही उजेड असतो, आणि उत्तरेकडचा रस्ता घाईत चालवायचा नाही, असं त्यानं ठरवलेलं आहे.

"ओल्ड कोर्स न खेळता सेंट अँड्र्यूजहून निघायचं?" ती विचारते.

"रविवारी तू तो पूर्ण चाललेली असशील. पूल, बंकर, सगळं."

"चालणं म्हणजे खेळणं नव्हे. रोड बंकरच्या कडेला उभं राहणं वेगळं आणि त्याच्या तळाशी चेंडू घेऊन उभं राहणं वेगळं."

"मग तू मला इतका वेळ काय सांगत होतीस? बरोबर चाललो की कोर्स माझाही होतो, असंच ना?"

ती थोडी अडते. तिच्याच युक्तिवादाला तिनं आत्ता छेद दिला आहे, हे तिच्या लक्षात आलंय. "मी सांगत होते ते खरं आहे," ती सावकाश म्हणते, "पण जेवढं मला वाटलं तेवढं नाही. चालणाऱ्याला वाटा मिळतो. खेळणाऱ्याला मिळतो तो नाही मिळत. तुझा डॉर्नोखचा रस्ताही मी शेजारच्या सीटवरून बघते, तू चालवतोस तसा मला तो मिळत नाही."

"ते तू कधी बोलली नाहीस."

"तूही पार्किंगचं आजच बोललास."

डॉर्नोखला तिनं संध्याकाळी, बाकीचे खेळून गेल्यावर, थोडा वेळ खेळावं आणि त्यानं किनाऱ्यानं चालावं, असा एक मधला मार्ग तो सुचवतो. तिला तो आवडतो, पण ओल्ड कोर्सच्या बदल्यात नको आहे. सोमवारी नाव देऊ, ती म्हणते, संध्याकाळी निकाल कळेल.

"नंबर लागला नाही, तर मंगळवारी सकाळी सातला निघायचं," तो म्हणतो.

"मान्य. आणि लागला तर?"

"तर मी पिटनवीमला परत जाईन. बंदरावर."

"की माझ्याबरोबर चालशील?"

"ते मंगळवारी विचार," तो म्हणतो. "आज हो म्हटलं तर ते तुझ्यासाठी असेल."